टोकाची लांबी

१२ जानेवारी

दादा,

वर आधी 'तीर्थरूप' लिहिलं होतं, ते खोडलं. एकोणीस वर्षं ज्याच्याशी बोलणं नाही त्याला तीर्थरूप म्हणणं मलाच ढोंग वाटलं, आणि तू वाचून नाक मुरडलं असतंस ते वेगळंच. पत्ता वहिनींनी दिला. त्यांच्यावर रागावू नकोस, मी फोनवर पिच्छाच पुरवला होता.

कामापुरतं लिहिते. आमच्या प्रयोगशाळेत एक नवी मुलगी आली आहे, पीएचडी करते. शिपाई तिला शंकाबाई म्हणतो. दिवा लावला तरी तो का लागला असं विचारणाऱ्यांपैकी आहे. ती आपल्या मोठ्या चेंबरची जुनी मोजमापं पुन्हा तपासते आहे. तेच चेंबर, जे फुटलं आणि ज्याच्या पाठोपाठ तुझी नोकरी गेली. जुनी रजिस्टरं तिने स्टोअरमधून धूळ झाडून वर आणली. त्यात तारेच्या टोकांच्या नोंदी आहेत. ही टोकं कोण करायचं, असं तिने मला विचारलं. मी म्हटलं, वर्कशॉप. तेवढ्यावर गप्प बसली तर ती शंकाबाई कसली. कुणा जुन्या माणसाकडून तिने तुझं नाव काढलं, आणि तू माझा भाऊ आहेस हेही.

ती तुला भेटायला येणार आहे. माझी एवढीच विनंती आहे की जुनं काही उकरून काढू नकोस. आठवत नाही म्हण. चौसष्टाव्या वर्षी आठवत नाही म्हटलं तर कुणालाही पटतं. चौकशी समितीचा अहवाल आला, विषय मिटला. टोक वितळून गेलं होतं, ते पुन्हा मोजता आलं नाही, आणि नोंदीत लांबी चुकीची पडली असावी असं समितीने लिहिलं. 'असावी' असं लिहिलं आहे, हे लक्षात घे. तुला कुणी चोर म्हटलं नव्हतं.

मला निवृत्तीला चार महिने उरलेत. ते सुखाने जावेत एवढंच माझं मागणं आहे. माझ्या मनात तुझ्याबद्दल काही नाही. आई गेली तेव्हा तू आलास, तीन दिवस एका घरात राहिलास आणि माझ्या नजरेला नजर दिली नाहीस, तेही मी मनाला लावून घेतलं नाही. माणूस ओशाळला की असंच वागतो.

तब्येतीला जप. वहिनींना सांग की मी विचारलं.

तुझी बहीण

२९ जानेवारी

दादा,

उत्तर नाही. मी काही आस लावून बसले नव्हते. तरी पोस्टमन खाली आला की माझा चष्मा शोधला जातो, तेवढं खरं.

चष्म्यावरून आठवलं. वहिनींशी पुन्हा बोलले. म्हणाल्या, हे आता चष्म्याच्या दुकानात काचा घासायला जातात, आणि प्रत्येक काच दोनदा मोजतात. मालक वैतागतो, गिऱ्हाईक ताटकळतं, पण हे दोनदा मोजल्याशिवाय काच हातातून सोडत नाहीत. त्या हसत सांगत होत्या. मला हसू आलं नाही. एकेकाळी अख्ख्या इमारतीत ज्याला मायक्रोमीटर म्हणायचे त्या माणसाचा स्वतःच्या हातावरचा विश्वास उडाला, असं मला वाटलं. म्हणून हे लिहायला बसले.

त्या मुलीने काल माझ्या टेबलावर एक आलेख आणून ठेवला. तो बघितल्यापासून तुला एक गोष्ट समजावून सांगावीशी वाटते आहे. चौदा वर्षं आपण एका छताखाली काम केलं, पण हे मी तुला कधी सांगितलं नाही. तू टोकं करायचास, मी आकडे काढायचे, मधलं काही मी तुझ्यापर्यंत येऊ दिलं नाही.

चेंबरमध्ये विरळ वायू भरायचा, त्यातून वीज सोडायची की तो जांभळा पेटायचा. त्याला प्लाझ्मा म्हणतात एवढं तुला ठाऊक होतं. मी शाळेत असताना तूच मला वर्कशॉपच्या मागच्या दाराने आत नेऊन तो उजेड पहिल्यांदा दाखवलास. त्या उजेडात तुझी तार खुपसायची. केसाएवढी टंगस्टनची तार, सिरॅमिकच्या नळीत बसवलेली, फक्त टोक उघडं; तोच आपला प्रोब. टोकाला उणे वीज दिली की धन भाराचे आयन त्याच्याकडे ओढले जातात, आणि तारेतून जो प्रवाह येतो त्यावरून प्लाझ्मा किती दाट आहे ते काढायचं. त्यासाठी तीन गोष्टी लागतात. प्रवाह, उघड्या टोकाची लांबी, आणि सूत्र. प्रवाह मीटर सांगायचा, लांबी तू सांगायचास, सूत्र माझं.

माझं सूत्र असं धरून चालायचं की आयन तारेकडे निघाला की वाटेत त्याला कुणी अडवत नाही. वायू विरळ असेल तर ते खरंच आहे. रिकाम्या बोळातून माणूस सरळ दारापर्यंत पोचतो, तसं. पण वायूचा दाब वाढवला की त्याच बोळात गर्दी होते. आयन पावलापावलाला वायूच्या अणूंवर आपटतात, रेंगाळतात, आणि तेवढ्याच वेळात पूर्वीपेक्षा फार थोडे तारेपर्यंत येतात. प्लाझ्मा दाटच असतो, प्रवाह मात्र कमी येतो. मग रिकाम्या बोळाचं सूत्र सांगतं की प्लाझ्मा विरळ आहे.

फसगत कुठे झाली ते ऐक. धडका अगदी थोड्या असतील तर प्रवाह उलट वाढतो. एरवी जे आयन तारेला वळसा घालून निघून गेले असते ते धडकेने वेग गमावतात आणि तारेवर येऊन पडतात. आपण पहिल्यांदा दाब थोडा वाढवला तेव्हा प्रवाह वाढला होता, आठवतं? मला वाटलं, सूत्र दाबालाही पुरून उरलं. मी आणखी दाब मागितला. प्रवाह घसरत घसरत अपेक्षेच्या निम्म्यावर आला. प्लाझ्मा विरळ झाला म्हणून मी वीज वाढवायला सांगितली. तरी निम्माच. आणखी वाढवायला सांगितली. आत तो आधीच दाट होता, आणि मी त्यात भर घालत होते. सिरॅमिकची कडी तडकली, थंड करायचं पाणी आत घुसलं, आणि सात वर्षांचं चेंबर पाव मिनिटात भंगार झालं.

हे त्या काळी कुणालाच नीट माहीत नव्हतं. माहीत असतं तर समितीने टोकाला दोष दिला नसता. म्हणजे चूक तुझीही नव्हती आणि तशी माझीही नव्हती, ज्ञानच अपुरं होतं. ती मुलगी आली तर तिला एवढंच सांग.

तुझी बहीण

११ फेब्रुवारी

दादा,

ती तुझ्याकडे येऊन गेली. मी तिला विचारणार नव्हते, पण राहवलं नाही. म्हणाली, त्यांनी दुकानातच स्टुलावर बसवलं, चहा दिला, माझ्या चष्म्याची काच सैल होती ती बसवून दिली. मग तिने टोकांचं विचारलं तेव्हा तू म्हणालास, "त्याचं माझ्या बहिणीला विचारा. तिला सगळं माहीत आहे."

एवढंच. बाकी काही नाही. मी तुला गप्प राहायला सांगितलं आणि तू गप्प राहिलास, म्हणून मला बरं वाटायला हवं होतं. पण ती मुलगी माझ्यासमोर उभी राहून हे सांगत होती आणि तिचा चष्मा पहिल्यांदा नाकावर सरळ बसला होता. अजूनही सगळं माझ्यावर सोपवून मोकळा होतोस, असं मला वाटलं. लहानपणापासून तेच. शिकलेली ती, तिला विचारा.

तर मग ऐक, मला काय माहीत होतं. गेल्या पत्रात मी लिहिलं की हे त्या काळी कुणालाच माहीत नव्हतं. ते खोटं आहे.

तिने लायब्ररीतून एक जुना बांधीव खंड आणला. धडकांनी प्रवाह कसा बदलतो यावर त्यात तीन लेख आहेत, आपलं चेंबर बांधायच्याही आधीचे. पुठ्ठ्याच्या आत नावांचं कार्ड असतं ना, त्यावर शेवटचं नाव माझं. तारीख चेंबर फुटायच्या पाच आठवडे आधीची. तिने कार्ड काढून टेबलावर ठेवलं आणि काहीच विचारलं नाही. एरवी शेंड्यापासून बुडख्यापर्यंत विचारते, पण त्या दिवशी नाही.

मी तो खंड घरी नेला होता. पहिला लेख अर्धा वाचला. समीकरणं किचकट होती आणि त्यातून निघत होतं ते मला नको होतं, म्हणून मिटला. माझ्या सूत्राला लोक बाईंचं सूत्र म्हणायला लागले होते. विभागप्रमुखाच्या जागेसाठी दोन नावं पुढे होती, त्यातलं एक माझं. आपलं सूत्र चालत नाही असं सांगणारा लेख त्या महिन्यात कोण पुरा वाचेल? मी नाही वाचला.

आणि एक दुपार तुलाही आठवत असेल. दाब वाढवायचा ठरला तेव्हा आठ जण टेबलाभोवती उभे होते. तू दारात टोकांची डबी घेऊन उभा होतास. तू विचारलंस, "एवढी हवा आत घातली तर ती तारेच्या आड येणार नाही का?" वायूला तू हवाच म्हणायचास. तीन लेखांमधलं सार तू एका ओळीत विचारलंस, आणि मी सगळ्यांच्या देखत म्हटलं, "दादा, तू टोकं कर, हवेचं मी बघते." सगळे हसले. तूही हसलास, डबी ठेवलीस आणि गेलास.

नाचता येईना अंगण वाकडं म्हणतात, ते माझ्यासाठीच राखून ठेवलं असावं. आज एवढंच पुरे.

१ मार्च

दादा,

हे पत्र तीनदा फाडलं. आता एका दमात लिहिते.

समितीसमोर मी सांगितलं होतं की प्रवाह निम्मा आला, म्हणजे उघडं टोक निम्मं होतं. रजिस्टरमध्ये चार मिलिमीटर लिहिलंय, प्रत्यक्षात दोन असणार. सरळ हिशेब. मोठ्या साहेबांना तो भलताच आवडला, कारण त्यात कुणालाच काही वाचावं लागत नव्हतं. निम्मा प्रवाह दोन कारणांनी येतो, टोक निम्मं असलं तर किंवा वाटेत वायू आडवा आला तर, आणि नुसत्या प्रवाहाकडे बघून कोणतं ते सांगता येत नाही. मी त्यांना पहिलं कारण सांगितलं. दुसरं पोटातच ठेवलं.

कुणीतरी विचारलं, टोक कुठे आहे, मोजून टाकू. मी म्हटलं, वितळून गेलं.

ते वितळलं नव्हतं. पाणी आत शिरताच सगळं विझलं आणि तार होती तशी राहिली, टोकाला नुसती काजळी. दुसऱ्या दिवशी सगळे चहाला गेले होते तेव्हा मी प्रोब काढला, टोक चिमट्याने नळीच्या तोंडापाशी तोडून घेतलं आणि मापनखोलीत नेलं. तुझ्या मायक्रोस्कोपखाली ठेवलं. तुझ्या स्टुलावर बसून मोजलं. मनात म्हणत होते, दोन येऊ दे. अगदी तीन आलं तरी चालेल, त्यावर मी निभावून नेईन.

चार मिलिमीटर आलं.

मी ते टोक खिडकीखालच्या भंगाराच्या डब्यात टाकलं, हात धुतले आणि समितीसाठी टिपण लिहायला बसले. अक्षर कापलं नाही. मी मुद्दाम बघितलं होतं.

का केलं ते लिहिते आणि त्यात साखर घालणार नाही. माझी नोकरी जाणार नव्हती. सूत्र चुकलं म्हणून शास्त्रज्ञाला कुणी हाकलत नाही, दोन वर्षं कोपऱ्यात बसवतात आणि मग विसरतात. तुझ्याकडे पदवी नव्हती, तुला कुणी कोपऱ्यातही ठेवलं नसतं, हे मला पक्कं ठाऊक होतं. तरी केलं. दोन वर्षं कोपऱ्यात बसायला लागू नये म्हणून मी तुला दाराबाहेर काढलं. माझ्या मनात तेव्हा असंही आलं की दादा काय, कुठेही काचा जोडेल. हे सगळ्यात वाईट आहे आणि म्हणून ते लिहिते आहे.

विभागप्रमुख मी झाले. तुझी वर्कशॉपची खोली पुढे झेरॉक्सला दिली.

दादा, माफी मागायला मला तोंड नाही आणि ती मागून तू देशील असंही नाही. पण एक गोष्ट तुझी आहे ती परत करते. तुझं माप बरोबर होतं. एकोणीस वर्षं तू स्वतःच्या हाताला दोष देत बसला असशील, काच दोनदा मोजत असशील, माझ्यासमोर मान वर करू शकला नाहीस. आता ते सोड. तुझ्या हाताने चूक केली नव्हती. टोक बरोबर चार मिलिमीटर होतं.

उद्या संचालकांना लेखी देते. अहवाल दुरुस्त करा, तुझ्या नावावरचा डाग पुसा, असं स्पष्ट लिहिणार आहे. निवृत्तीचं काय व्हायचं ते होऊ दे.

तुझी बहीण

२० मार्च

दादा,

उत्तर दिलं नाहीस. द्यायला हवं असं नाहीच.

इकडचं सांगते. संचालक माझा धाकटा भाऊ वाटावा अशा वयाचे आहेत, समोर बसवून पाणी दिलं, माझं पत्र दोनदा वाचलं. मला वाटलं आता आभाळ कोसळणार. ते म्हणाले, मॅडम, एकोणीस वर्षं झाली, चेंबर नाही, समितीतले दोघं हयात नाहीत, आपण वार्षिक अहवालात दुरुस्ती छापू. आणि छापली. दोन ओळी. मोठ्या चेंबरमधील बिघाडाचे कारण प्रोबच्या टोकाच्या मोजमापातील त्रुटी नसून जास्त दाबाला होणाऱ्या धडकांचा परिणाम हे असल्याचे आता दिसून येते.

मी म्हटलं, यात त्यांचं नाव नाही.

ते म्हणाले, "आधीच्या अहवालात तरी कुठे होतं?"

मी जुना अहवाल काढून बघितला. खरंच नाही. तुझं नाव कुठेच लिहिलेलं नाही, 'टोक तयार करणारा कर्मचारी' एवढंच आहे. तुला काढलं ते पत्र वेगळं, त्यात कारण 'वर्कशॉप बंद' असं दिलंय. डाग कागदावर लावलाच नव्हता, त्यामुळे कागदावरून पुसताही येत नाही. तो लागला होता जिन्यात, कँटीनमध्ये, तू आलास की बोलणं थांबायचं त्यात. तिथे दुरुस्ती कशी छापणार? त्यातली निम्मी माणसं आता कुठे आहेत तेही मला माहीत नाही.

आणि 'दिसून येते' हा शब्द बघितलास का? जणू ते आत्ता दिसलं. मला काही झालं नाही. सुंठीवाचून खोकला गेला. निरोपसमारंभ ठरल्याप्रमाणे होणार आहे, शाल नको म्हणून सांगितलंय. खरं सांगू? खोलीतून बाहेर पडताना मला हलकं वाटलं. जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर ते कळलं आणि स्वतःचीच किळस आली.

शंकाबाई माझ्याशी अदबीने वागते. पूर्वी माझ्या टेबलाच्या कोपऱ्यावर बसून वाद घालायची. आता दारावर टकटक करते, काम सांगते आणि जाते.

रजिस्टरं तिच्याकडे आहेत. मी काल चाळली. टोकाची लांबी, तारीख, आणि तिसरा रकाना 'कोणी केलं'. चौदा वर्षांच्या नोंदी, सगळ्या माझ्या अक्षरात, आणि तिसऱ्या रकान्यात प्रत्येक ठिकाणी 'वर्कशॉप'. तू मायक्रोस्कोपवरून ओरडून तीन आकडे सांगायचास आणि मी एक लिहायचे. आठवतं, आपलं त्यावरून वाजायचं? तू म्हणायचास, "तीन सांगितले तर तीन लिही." मी म्हणायचे, उगाच मिजास, खालच्या दोन आकड्यांनी काय फरक पडतो. टोक तापवून लाल केल्याशिवाय तू आकडा घेऊ द्यायचा नाहीस, काजळी खोटं बोलते म्हणायचास, त्यावरूनही आम्ही सगळे तुझी नक्कल करायचो.

दोन ओळींचं कात्रण सोबत जोडते. ठेवायचं तर ठेव.

३ एप्रिल

दादा,

तुझं पाकीट परवा दुपारी आलं. चष्म्याच्या दुकानाची छोटी डबी, आत कापूस, कापसात काचेची बारीक नळी, दोन्ही टोकं वितळवून बंद केलेली. तुझ्या हातची काच मी कुठेही ओळखेन. नळीत तार. सोबत दुकानाच्या पावतीच्या मागे तीन ओळी.

'टोक ४.०२ आहे. त्याच दिवशी डब्यातून काढून मोजलं होतं, दोनदा. परत पाठवू नकोस, मला आता लागणार नाही.'

खाली नाव नाही. वर 'बारके' नाही. लहानपणापासून तू मला दुसऱ्या कुठल्या नावाने हाक मारल्याचं आठवत नाही.

मी ते वाचून आधी हसले. चार मिलिमीटर म्हणून मी तुला एवढ्या औदार्याने परत केलं आणि तू त्यातलीही चूक काढलीस. मग हसू गेलं. मी टोक डब्यात टाकलं आणि तू ते त्याच दिवशी काढलंस. म्हणजे समितीसमोर मी 'वितळलं' म्हणाले तेव्हा ते तुझ्या खिशात होतं. तू माझ्याकडे बघत होतास, ते मला आठवतं. मला वाटलं तू घाबरलास.

तू ते तिथेच टेबलावर ठेवलं असतंस तर मी संपले असते आणि तुझी नोकरी राहिली असती. ठेवलं नाहीस. का ते विचारायचा मला हक्क नाही. पण माझा अंदाज लिहिते. तू मला वेळ देत होतास. त्या खोलीत, मग आठवडाभर, मग आईच्या वेळी तीन दिवस. तू नजर दिली नाहीस असं मी पहिल्या पत्रात लिहिलं. दिली होतीस. मीच खाली बघत होते, आणि वर तुलाच ओशाळं ठरवलं.

काच दोनदा मोजतोस ते ऐकून मला तुझी दया आली होती. तू पहिल्यापासून दोनदाच मोजायचास. चौदा वर्षं मी शेजारी बसून ते बघितलं, आणि ऐन वेळी विसरले. तू गप्प राहिलास, म्हणजे तुझा हात खचला असणार, असं धरून मी एकोणीस वर्षं जगले. गप्प बसण्याचं दुसरंही कारण असू शकतं हे मनातही आलं नाही. कमी आलेल्या आकड्याचं कारण मी पुन्हा एकदा तुझ्याच टोकात शोधलं.

'तिला सगळं माहीत आहे' असं तू त्या मुलीला म्हणालास ना? मी ते अंग काढून घेणं समजले.

पाकीट आलं त्याच संध्याकाळी मी तिच्याकडून रजिस्टर मागून घेतलं. नळी मायक्रोस्कोपखाली ठेवली. आता नवा मायक्रोस्कोप आहे, पडद्यावर आकडा आपोआप येतो, तरी मी जुन्यासारखं मोजलं. ४.०२. पुन्हा मोजलं. ४.०२. ती मागे उभी होती. मी चेंबर फुटलं त्या दिवसाच्या नोंदीतल्या चारापुढे शून्य दोन लिहिलं, दुरुस्तीची तारीख घातली, सही केली. तिसऱ्या रकान्यातलं 'वर्कशॉप' खोडून तुझं पूर्ण नाव लिहिलं. तिने विचारलं, "बाकीच्या पानांवर?" मी म्हटलं, सगळ्यांवर लिहायचंय, चौदा वर्षांची पानं आहेत. ती म्हणाली, "मग बसा." आणि दिवा जवळ ओढून दिला.

आजपर्यंत साठ पानं झाली. लांबीचे खालचे दोन आकडे मात्र भरता येत नाहीत. ते तू सांगितले होतेस आणि मी लिहिले नव्हते.

तुझी चिठ्ठी समोर आहे. 'मला आता लागणार नाही.' म्हणजे आत्तापर्यंत लागत होतं. मी येऊन स्वतःच्या तोंडाने सांगेपर्यंत तू ते कापसात जपून ठेवलंस. आणि मी आले कशी, तर एका परक्या मुलीने कार्ड टेबलावर ठेवल्यावर, अर्धं खोटं लिहीत, तुला गप्प राहायला सांगत. तू जे ऐकायला थांबला होतास ते ऐकलंस, डबी बंद केलीस आणि पाठवून दिलीस. तुझं माझ्याकडचं काम संपलं.

दुकानाच्या पावतीवर फोन नंबर छापलाय. मी तो दोनदा फिरवला. पहिल्यांदा तूच उचललास. "बोला," म्हणालास, गिऱ्हाइकाला म्हणतात तसं. मी बोलले नाही. दुसऱ्यांदा वहिनींनी उचलला, तुझा डबा घेऊन दुकानात आल्या होत्या. माझा फोन आहे हे त्यांनी तुला सांगितलं, मग मला म्हणाल्या, "हे काच घासताहेत. नंतर करा, असंही म्हणाले नाहीत."

हे पत्र टाकते. उत्तराची वाट बघणार नाही असं लिहिणार होते, पण खोटं आता पुरे झालं. बघेन.

बारकी